साहेबांना बांधलेला फेटा

आमच्या घराण्यात सूड घ्यायची परंपरा नाही, फौजेत जायची आहे. आजोबा गेले, वडील गेले, धाकटा भाऊ आत्ता या घडीला कुठल्या तरी बर्फात उभा असेल. मी दोनदा भरतीला उभा राहिलो आणि दोन्ही वेळा सपाट तळपाय घेऊन परत आलो. हल्ली मलकापुरात माझं दुकान आहे. संडासाची भांडी, नळ, शॉवर. आई पाहुण्यांना सांगते, "थोरला सॅनिटरीत हाय." काही पाहुण्यांना ती एखादी पलटण वाटते. आई खुलासा करत नाही.

तर अशा माणसाने, पोट सुटलेल्या, चष्मा लागलेल्या, वर्षभर एका माणसाचं वाईट चिंतलं. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या साहेबांचं. त्यांनी माझ्या वडिलांचा उजवा खांदा मोडला. मी रोज सकाळी दुकानात उदबत्ती लावतो तेव्हा देवाकडे गिऱ्हाईक मागायचो. त्या वर्षी आधी साहेबांचं मागायचो, मग गिऱ्हाईक.

आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथं मेंढरं चरली, बाकी काही उगवलं नाही. आता कुठे कालव्याचं पाणी माळाच्या पायथ्याला आलं, लोकांनी डाळिंबं लावली, आणि नेमक्या त्याच सुमाराला माणसं येऊन खुंट्या मारून गेली. माळावर लष्कराचा तळ होणार, तोफांचा सराव होणार, पायथ्याची शिवारंही त्यात जाणार.

गाव अडचणीत पडलं. घरटी एक माणूस फौजेत, आणि विरोध करायचा तो फौजेच्या तळाला! पारावर वाद झाले. वडिलांनी ते एका वाक्यात मिटवले. "फौज आपली हाय, पर माळबी आपलाच हाय. कलेक्टरसायबाला तेवढं सांगू. तंटा न्हाई करायचा."

तंटा कुणी केलाच नाही. गावातले सगळे पेन्शनर फौजी छातीवर पदकं लावून माळावर जाऊन बसले. बसले तेसुद्धा रांगा धरून, सरळ. मागे बायका, त्यांच्या मागे आमच्यासारखी किरकोळ जनता. घोषणाही फारशा नव्हत्या. कुणी मध्येच "माळ आमच्या हक्काचा" म्हणायचं, बाकीचे ओ द्यायचे आणि पुन्हा पानाला चुना लावायचे. बंदोबस्ताचे पोलीस लिंबाखाली बसले होते. दुपारी आई भाकरीचं टोपलं घेऊन त्यांच्यातसुद्धा फिरली. साहेबांनी खर्डा मागून घेतला. "मावशी, झणझणीत झालाय," म्हणाले. आई खूश झाली. आमच्या आईला जिंकायला खर्ड्याचं कौतुक पुरतं.

जेवणं उरकल्यावर साहेबांना फोन आला. ते लांब जाऊन बोलले, परत आले आणि त्यांनी शिपायांना रांगेत उभं केलं. मग खड्या आवाजात हुकूम दिला, "सावधान!"

तो हुकूम त्यांच्या शिपायांसाठी होता. पण समोर बसलेल्या म्हाताऱ्यांचं आयुष्य त्या शब्दावर गेलेलं. कानावर पडला आणि सगळे पेन्शनर खाडकन उठून उभे राहिले. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, हात मांडीला चिकटलेले. ज्यांना सकाळी बायकोने हात धरून उठवलं होतं तेसुद्धा. मला तर हसू आलं. ते हसू तोंडावर होतं तोवर पहिली काठी पडली.

सावधानमध्ये उभा असलेला फौजी हलत नाही. 'विश्राम' म्हणेपर्यंत नाही. साहेबांच्या समोर पहिल्या रांगेत वडील होते. साहेबांनी काठी उगारली, वडिलांना ती येताना दिसत होती, आणि त्यांनी हात वर केला नाही. काठी खांद्यावर बसली. पुन्हा त्याच जागी बसली. मी धावलो, सपाट पायांनी जेवढं धावता येतं तेवढं. मी पोचलो तोवर वडील खाली पडले होते, आणि पडलेल्या माणसाचे हात अजून मांडीला चिकटलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात पोलिसांचं म्हणणं आलं. जमाव अचानक आक्रमकपणे उठून उभा राहिला, त्यामुळे सौम्य बळाचा वापर करावा लागला.

मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सौम्य म्हंजे कसं? चवीपुरतं?"

सांगलीच्या डॉक्टरांनी खांद्यात पट्टी बसवली, स्क्रू बसवले, आणि सांगितलं की हात खांद्याच्या वर जाणार नाही. कधीच नाही. वडिलांना टोपी घालायची तर मान खाली घालून डोकं हाताकडे न्यावं लागायचं. ते बघवायचं नाही. आई तोंड फिरवून चुलीतलं उगाच सारखं करायची.

अर्ज केले. चौकशी सुरू आहे, असं उत्तर आलं. मी दुकानात बसून मनातल्या मनात साहेबांच्या चौकशा करू लागलो. माझ्या कल्पनेत साहेब माझ्याच दुकानात भांडं घ्यायला यायचे आणि मी त्यांना असं भांडं द्यायचो की, जाऊ दे. साठा होता तोच कामाला लावत होतो.

वडील मात्र शांत. "हुकूम आसंल त्याला," एवढंच म्हणायचे.

"आन भाकरी?" आई विचारायची. "माजी भाकरी खाल्ली ती बी हुकमानंच व्हय? खर्डा मागून घेतला मेल्यानं! त्याच हातानं..." पुढचं मी लिहीत नाही. आईच्या शिव्या लिहायच्या तर माझं शिक्षण कमी पडतं.

मग जत्रा आली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कुस्त्यांचं मैदान असतं. बंदोबस्ताला ठाण्याचे साहेब येतात आणि मैदान सुरू करण्याआधी गाव त्यांना आखाड्यात बोलावून फेटा बांधतं. तो बांधायचा मान गावातल्या सगळ्यांत जुन्या फौजीचा. म्हणजे बरीच वर्षं आमच्या वडिलांचा. हे साहेब मात्र मागच्या जत्रेनंतर बदलून आलेले, त्यांची ही पहिलीच जत्रा.

देवळात बैठक बसली. सगळं गाव एका आवाजात म्हणालं, यंदा साहेबाला फेटा नाही. सरपंचांनी ठराव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आई उठली.

"फेटा बांधायचा," ती म्हणाली.

"आवं वैनी, त्यानंच..."

"म्हायती हाय मला कुणी काय केलंय. मान मोडायचा न्हाई. साहेबाला बलवा, फेटा बांधा, आन आमच्या मालकांनीच बांधायचा."

"त्यांचा हात वर जात न्हाई, वैनी."

"तर!" आई म्हणाली आणि खाली बसली.

मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. तो कुणाच्या तोंडावर कधी पडला हे मला बसल्या जागी दिसत होतं. माझ्या डोक्यात तो घरी आल्यावर पडला.

वडील आधी नको म्हणाले. "पावण्याची अशी टवाळी करायची न्हाई."

"टवाळी कुठं? फेटा बांधायचाय. नीट बांधा. एक पीळ हिकडचा तिकडं हुता कामा न्हाई."

मैदानाच्या सकाळी वडिलांनी मला अंगणात उभं केलं आणि माझ्या डोक्यावर फेटा बांधून बघितला. बांधला गेला. मी बुटका, त्यामुळे सराव फारच सोपा झाला. आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुज्यावर न्हाई कळायचं," ती म्हणाली. "त्यो ताडमाड हाय."

मी म्हटलं, साहेबांना खुर्चीवर बसवतील. वडील फेटा सोडत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आखाड्यात खुर्ची नेत न्हाईत." तेव्हा मला कळलं की शांत माणसानेसुद्धा सगळा विचार करून ठेवला आहे.

मैदान गच्च भरलं होतं. हलगी कडाडत होती. समालोचक माईकवर पैलवानांची आणि देणगीदारांची तोंडभर स्तुती करत होता. त्याने साहेबांना आखाड्यात यायची विनंती केली. साहेब बूट काढून तांबड्या मातीत आले. चेहरा प्रसन्न. गाव निवळलं, असं त्यांना वाटत असणार. त्यांनी वडिलांना हात जोडले आणि मला दिसलं की त्यांनी ओळखलेलं नाही. ज्याचा खांदा मोडला तो माणूस समोर उभा, आणि ओळख नाही! वर्षभर ज्याला मी रोज मारत होतो तो मला त्या क्षणी सगळ्यांत जास्त मारावासा वाटला.

फेट्याचं दुसरं टोक धरायला मी लांब उभा होतो. वडिलांनी पहिला वेढा घ्यायला हात उचलला. तो साहेबांच्या छातीपाशी थांबला.

"जरा खाली या, साहेब," वडील म्हणाले.

साहेब हसून वाकले. वेढा बसला. दुसऱ्या वेढ्याला साहेब नकळत सरळ झाले.

"खाली या. हात वर जात न्हाई."

"काय झालं बाबा हाताला?" साहेबांनी विचारलं. आवाजात खरीच काळजी होती.

"तुमची काठी," वडील म्हणाले. "माळावर."

समालोचकाचा माईक शेजारीच होता. चारी कर्ण्यांतून ते सगळ्या शिवारावर गेलं. हलगी थांबली. साहेबांची मान ताठ झाली, पण डोक्याला दोन वेढे बसलेले, एक टोक वडिलांच्या हातात, एक माझ्या. अर्धवट फेट्यातून माणूस निघून जाऊ शकत नाही. निघाला तर आम्हा दोघांना फरफटत न्यावं लागलं असतं, आणि माझं वजन बघता ते सोपं नव्हतं. मी माझं टोक ताणून धरलं. फौजेने मला नाकारलं तेव्हापासून मी एवढा जीव तोडून कुठेच उभा राहिलो नव्हतो.

"आनखी जरा खाली, साहेब."

ते वाकले.

"आनखी. पीळ नीट बसंना."

साहेबांनी भोवती बघितलं. हजारो डोळे त्यांच्यावर. मग त्यांनी एक गुडघा मातीत टेकला. वडिलांनी वेढा घेतला, थोडं मागं होऊन बघितला, मान हलवली आणि सोडला. "वाकडा झाला," म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून. साहेबांचा दुसरा गुडघा टेकला. वडिलांनी घाई केली नाही. एकेक पीळ बोटांनी चापून बसवला, तुरा काढला, मागचा शेव पाठीवर सोडला. असा देखणा फेटा त्या मैदानात आजवर कुणाला बांधला गेला नव्हता.

"उठा," वडील म्हणाले.

टाळी वाजली नाही. साहेब उठले. खाकी पँटीच्या दोन्ही गुडघ्यांना तांबडी माती लागलेली. त्यांनी ती झटकली तर ती आणखी पसरली. शेवटची कुस्ती सुटेपर्यंत त्यांना तिथंच थांबावं लागलं, बंदोबस्त त्यांचाच होता. लोकांनी कुस्त्या कमी आणि गुडघे जास्त बघितले.

माझ्या मनाचं म्हणाल तर ते भरलं नाही. खांदा तसाच आहे, माळावरच्या खुंट्या तशाच आहेत. पण मला गोड लागलं, हे लपवत नाही. अजून लागतं.

बायका आखाड्याजवळ जात नाहीत, त्यामुळे घरी आल्या आल्या आईने मला पकडलं. "किती खाली बसला? दाव." मी बसून दाखवलं. "दोनी गुडगं?" दोन्ही. "तोंड कसं झालतं?" तोंडही करून दाखवलं. तिने मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं, आणि तिसऱ्या खेपेला माझा गुडघा धरला तो सुटेना. वडिलांनी डावा हात देऊन मला उठवलं.

जेवताना वडील म्हणाले, "त्याला त्या दिशी फोन आलता. तवर त्यो चांगला जेवत हुता."

आईचा वाढता हात थांबला. "कुणाचा फोन?"

"वरचा कोन तर साहेब आसंल. साताऱ्याचा."

आईने माझ्या ताटात भाकरी टाकली. "तुज्या दुकानात साताऱ्याची मानसं येत्यात न्हवं?"

"येतात."

"मग इचार की जरा. त्या साहेबाला कुस्त्या आवडत्यात का."

मी विचारतो आहे. नळ दाखवता दाखवता सहज विषय काढतो.