भिंत धुणाऱ्या मनकर्णाबाई

बडनेऱ्याच्या यार्डात मनकर्णाबाईंनी सतरा वर्षं रेल्वेचे डबे धुतले. काम ठेक्याचं. एका हातात लांब दांड्याचा ब्रश, दुसऱ्यात पाण्याचा जाड पाइप आणि पायात नवऱ्याचे जुने गमबूट. कोणता डाग साबणानं निघतो, कोणता नुसत्या पाण्याच्या मारानं निघतो आणि कोणत्या डागावर दिवस घालवण्यात अर्थ नसतो, हे त्यांना लांबूनच कळायचं. मग एका फेब्रुवारीत ठेका संपला. नव्या ठेक्यात यंत्रं आली, माणसं कमी लागणार होती, आणि चौपन्न वर्षांच्या बाईला कोणी बोलावलं नाही.

त्यांचे यजमान रामराव ऑटो चालवायचे. ते म्हणाले, "लय झालं. आता बस घरी आरामानं."

"मले बसता येत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

शेजारणीनं चार घरची भांडी सुचवली. "भांड्याची लाज नाई वाटत मले," त्या तिला म्हणाल्या, "पण सतरा वर्षं हात बसला हाये एका कामावर. तो वाया कावून घालू?"

त्यांच्या घरापासून थोड्या अंतरावर मुजम्मिलचं गाड्या धुण्याचं सेंटर होतं. येताजाता त्या तिथं थांबायच्या. मुजम्मिल पंप सुरू करायचा, हातातली गन दाबायचा आणि मोटारसायकलच्या चाकातला चिखल क्षणात उडायचा. यार्डात त्यांना असा मार मिळवायला दोन बायकांची ताकद लागायची. एक दिवस त्या म्हणाल्या, "मुजम्मिल, गाड्या चकाचक करून देतोस, अन् तुह्या दुकानाची भित पाह्य कशी झाली!"

भिंत खरोखरच पावसाळ्यांच्या शेवाळानं वरपासून खालपर्यंत काळी पडली होती. मुजम्मिल हसला. "मावशी, पेंटर लावा लागते तिले. परवडत नाई."

"एक घंटा गन दे मले."

त्यानं दिली, काहीशी गंमत म्हणून. तासाभरानं भिंतीचा मूळचा फिकट निळा रंग वर आला तेव्हा तो गिऱ्हाईक सोडून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. "या अल्ला, मावशी! हे तं नवंच दिसून राह्यलं."

चार दिवसांनी स्कूटर धुवायला आलेल्या गीतांजली मॅडमनी ती भिंत पाहिली. राजापेठेत त्यांचा अकरावी-बारावीचा विज्ञानाचा क्लास होता. वडिलांच्या दुमजली घरात वर क्लास, खाली त्या स्वतः राहायच्या. दहावीचा निकाल लागला की आईबाप मुलींना घेऊन क्लास बघायला येत आणि आधी इमारत बघत. समोरच्या बाजूला काचा आणि दिवे लावलेला नवा क्लास उघडला होता. मॅडमच्या इमारतीची उत्तरेकडची भिंत, जी रस्त्यावरून सगळ्यात आधी दिसायची, ती काळीशार. पेंटरनं सगळी इमारत खरवडून, पुट्टी भरून रंगवायचा जो आकडा सांगितला, त्यात मॅडमचा वर्षभराचा घरखर्च निघाला असता.

"हे कोणी केलं?" त्यांनी मुजम्मिलला विचारलं.

"ह्या मावशीनं."

मॅडमनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं, त्यांच्या खोचलेल्या नऊवारीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आमची इमारत बघायला याल?"

मे महिना होता. रामरावांनी ऑटोत मुजम्मिलचा पंप, पाइप आणि एक शिडी घातली आणि वाटभर कुरकुर केली. मुजम्मिलनं भाडं घ्यायचं कबूल केलं होतं, पण ते काम झाल्यावर. राजापेठेत नळ एक दिवसाआड येत होता. मनकर्णाबाईंनी आदल्या दिवशीच गच्चीवर दोन ड्रम भरून ठेवायला सांगितले होते. पंपाला पाइपपेक्षा पाणी पुष्कळ कमी लागतं, हे त्यांनी मुजम्मिलकडे बघून ठेवलं होतं. मीटरच्या पेटीला आणि खिडक्यांच्या फटींना प्लास्टिक बांधलं. मग शिडीवर चढून त्यांनी गन दाबली.

पहिली पट्टी सुरेख निघाली. दुसरीवर एक हट्टी डाग होता. डब्यावरच्या सवयीनं त्यांनी नोझल जवळ नेलं आणि बारीक धार सरळ डागावर धरली. डाग गेला. त्याच्यासोबत रंग गेला, आणि ताटाएवढं प्लॅस्टर सुटून खाली अंगणात फुटलं.

गीतांजली मॅडम धावत बाहेर आल्या. "बंद करा! आधी बंद करा ते!"

मनकर्णाबाई शिडीवरून उतरल्या. भिंतीतल्या उघड्या विटा मॅडम बघत होत्या. "मी खर्च वाचवायला निघाले होते," त्या म्हणाल्या, "आता गवंडीही बोलवावा लागणार. चूक माझीच. न पारखता हो म्हटलं."

"तुमची नाई, माही चूक हाये," मनकर्णाबाई म्हणाल्या. "डबा लोखंडाचा रायते. हातानं भितीलेबी लोखंडच समजलं. हे भोक मी भरून देतो."

"राहू द्या. सामान घेऊन जा."

रामरावांनी सामान परत ऑटोत चढवलं. बडनेरा आलं तेव्हा म्हणाले, "पंप परत देऊन येऊ काय आताच?"

"दोन दिवस ठेवून घेतो म्हना त्याले. त्याच्या भाड्याचं मी पाह्यतो."

त्यांच्या स्वतःच्या घराची मागची भिंत होती, कोणालाही न दिसणारी. ती त्यांनी शिकायला घेतली. आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेल्या. जिथं आवाज पोकळ आला तिथं खडूनं गोल काढला. तिथं धार मारायचीच नाही, नुसता ब्रश. नोझल बदलून पसरट पंख्यासारखी धार देणारं लावलं. जवळून, लांबून, तिरकं, सरळ, सगळं करून पाहिलं. दीड हातावरून मळ निघत होता आणि प्लॅस्टर हलत नव्हतं. पण हात विसरायचा. काम रंगात आलं की तो आपोआप पुढे सरकायचा. मग त्यांनी तुराटीची एक काडी गनला अशी बांधली की तिचं टोक भिंतीला टेकलं तरी नोझल दीड हातावरच राहील. काडी मोडली की समजायचं, हात पुढे गेला. पहिल्या दिवशी पाच काड्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी एक.

साबणाचंही त्यांनी ठरवलं. धुण्याच्या सोड्याचं पाणी आधी ब्रशनं लावायचं, चहा होईस्तोवर भिजू द्यायचं, मग धुवायचं. म्हणजे पाण्याला जोर कमी लागतो. लावायचं खालून वर, नाहीतर कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि राहतात. धुवायचं मात्र वरून खाली. आणि सोडा भिंतीवर सुकू द्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी त्या एकट्याच राजापेठेत गेल्या. पिशवीत थोडं सिमेंट, गाळलेली वाळू आणि थापी होती. गीतांजली मॅडम दारात आल्या.

"भोक भरायले आलो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "याचे पैसे नाई घेत."

त्यांनी उघड्या विटा ओल्या करून मसाला भरला, थापीनं सारखा केला. हे त्यांनी गवंड्याच्या हाताखाली लहानपणी माहेरी, तेल्हाऱ्यात केलं होतं. काम झाल्यावर हात धुऊन म्हणाल्या, "मॅडम, सगळी इमारत नोका देऊ. उत्तरेची भित द्या. एक हातभर तुमच्यासमोर धुतो. पसंत नाई पडलं तं तिथंच थांबतो."

"आणि परत प्लॅस्टर पडलं तर?"

मनकर्णाबाईंनी पिशवीतला खडू काढला आणि त्यांच्यासमोर भिंत ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक, मग एकदम ढब्ब. "ऐकलं? हे आतून सुटेल हाये. इथं मी पानी मारत नाई. त्या दिवशी मी हे ऐकलंच नव्हतं."

मॅडम विज्ञान शिकवत होत्या. त्यांनी स्वतः दोन जागा ठोकून पाहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी या."

भरलेली जागा ओलीच होती, म्हणून तिच्यावर प्लास्टिक लावून दुसऱ्या दिवशी रामरावांनी पंप आणल्यावर सहालाच काम सुरू झालं. ऊन चढायच्या आत वरची अर्धी भिंत उरकायची होती. हातभर जागा धुऊन झाली, मॅडमनी ती जवळून बघितली, हात फिरवला आणि मान डोलावली. मनकर्णाबाईंनी पुढची पट्टी घेतली. साडेआठला जवळजवळ सगळ्या वरच्या भागाला सोड्याचं पाणी लावून झालं होतं, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली.

पंप थांबला. मे महिन्यातलं तिरकं ऊन उत्तरेच्या भिंतीवरही यायला लागलं. सोडा सुकला की पांढरे ओघळ पडणार आणि ते मग कशानंच निघणार नाहीत.

रामराव खालून ओरडले, "आता?"

"आता काय, बालटी आना!"

त्या गच्चीवर गेल्या, ड्रममधून बादली भरली आणि कठड्यावरून वाकून मगानं पाणी सोडायला लागल्या. पाणी खालपर्यंत पोचायच्या आत वाळत होतं. रामराव बादल्या भरून देत होते, पण त्यांच्या पाठीनं चौथ्या बादलीला साथ सोडली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गीतांजली मॅडम ओढणी कमरेला बांधून वर आल्या होत्या.

"कुठून टाकू?"

"त्या कोपऱ्यातून. एका जागी नोका, सरकत सरकत."

दोघी पाऊण तास तशाच होत्या, एक बादली भरतेय, दुसरी सोडतेय. कठडा तापून हाताला चटके बसत होते. मॅडमच्या चपलेचा पट्टा तुटला, त्या अनवाणी झाल्या आणि तापल्या गच्चीवर स्वतःच पाणी ओतून त्यात उभ्या राहिल्या. ड्रममध्ये वीतभर पाणी उरलं तेव्हा खाली पंपानं घरघर केली. लाइट आली होती.

"बंदच राहू द्या थोडं, दम खा," मॅडम म्हणाल्या.

"दम मंग खाऊ. पानी हाये तेवढ्यात धुऊन घेतो." मनकर्णाबाई शिडीवर चढल्यासुद्धा होत्या.

वरचा भाग त्या सकाळी आणि खालचा नळाच्या पुढच्या पाळीला, असं दोन खेपांत काम पूर्ण झालं. काळ्याखालून जुना पिवळसर रंग निघाला, ठिकठिकाणी विटलेला, पण स्वच्छ. खिडकीच्या गजांखाली गंजाचे दोन लांब डाग राहिले. मनकर्णाबाईंनी आपणच ते दाखवले.

"हे धुऊन निघत नाई. निघन असं सांगून मी पैसे नाई घेत. गजाले रंग द्या अन् मंग एवढ्या पट्टीवर हात मारा."

मॅडमनी तेवढंच केलं. एक डबा रंग आणला, गज आणि खिडक्यांच्या कडा रंगवल्या, आणि पाटी नव्यानं लिहून घेतली. निकालानंतर आलेल्या एका बापानं विचारलं, इमारत नवी बांधली का. मॅडमनी खरं सांगितलं आणि मनकर्णाबाईंचा नंबर दिला.

पावसाळ्याआधी आणखी तीन कामं आली. त्यांतलं एक त्यांनी नाकारलं. मातीत रचलेल्या विटांचं जुनं घर होतं, मालकाला सगळं घर पंपानं धुवून हवं होतं. "याले पानी मारलं तं भिती पोटात पानी धरतीन," त्या म्हणाल्या. "कोरड्या ब्रशनं झाडून घ्या अन् चुना द्या. ते तुमचं तुमी करू शकता." मालक चिडला, दुसरा कोणी आणीन म्हणाला. आठवड्यानं त्यानं आपल्या बहिणीच्या सिमेंटच्या घरासाठी मनकर्णाबाईंनाच बोलावलं.

दिवाळीच्या आधी मुजम्मिलनं नवं यंत्र घेतलं आणि जुनं त्यांना हप्त्यानं दिलं. यार्डात सोबत काम केलेली जमुना, तीही तेव्हापासून घरीच होती, आता त्यांच्यासोबत येते. पहिल्या दिवशी मनकर्णाबाईंनी तिच्या हाती गन दिली नाही, खडू दिला.

गेल्या महिन्यात त्या दोघी अकोल्याला होत्या, एका मंगल कार्यालयाची मागची बाजू धुवायला. तीन दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी चारला वारं सुटलं आणि शिडी हलायला लागली. मालक म्हणाला, थोडंसंच राहिलंय, आटपून टाका, उद्या लग्न आहे. मनकर्णाबाईंनी वर पाहिलं, शिडी धरून उभ्या असलेल्या जमुनाकडे पाहिलं आणि पंप बंद केला.

"लगन किती वाजता हाये?" त्यांनी विचारलं.

"अकराला."

"मंग सकाळी साडेपाचले येतो. नऊच्या आत भित वाळते." आणि त्या पाइप गुंडाळायला बसल्या.