सर्दीचं कारण

प्रेमलता सातवीत होती तेव्हा तिचा थोरला भाऊ भिवापुरात वारला. त्याचे सांधे सुजायचे, तो रडून रडून थकायचा, आणि पोरगं नाजूक आहे एवढंच गाव म्हणायचं. रक्ताच्या त्या दुखण्याला सिकलसेल म्हणतात हे तिला लग्नानंतर कळलं, तिच्या स्वतःच्या मुलीची, रितिकाची, इवलीशी बोटं सुजली तेव्हा. डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांचं रक्त तपासलं. दोघांकडूनही आलंय, म्हणाले. पोरीला पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, नाहीतर रक्त अडतं, ताप आला तर थांबू नका.

नंदनवन वस्तीतल्या सासरच्या घरात मग एक गोष्ट ठरली. ठरवली सासूने, गोपिकाबाईंनी.

"घरातलं घरातच राहू दे वं. आज शाळेत सांगशील, उद्या साऱ्या मोहल्ल्यात होईल. पोरीची जात आहे. उद्या तिले कोण करून घेईल?"

नवरा दुर्गेश लकडगंजात लाकडं चिरायच्या आरा मशीनवर कामाला होता. आईपुढे तो बोलत नसे. आणि प्रेमलतालाही ते पटलं होतं.

रितिका पहिलीत गेली. डिसेंबरात वर्गाची सहल निघाली, उमरेड रोडवरच्या एका शेतावर. झोके, बैलगाडी, पोरांना डुंबायला पाण्याचं टाकं. आईबापांनी सोबत यायचं नव्हतं. तोवर रितिका आईवाचून कुठे गेलीच नव्हती. प्रेमलताने नाही म्हणून सांगितलं. पोरीने हट्ट केला नाही, फक्त विचारलं, "मले काहून नाई पाठवत? मी काय केलं?"

प्रेमलताने तिला पाठवायचं ठरवलं.

सहलीच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी गर्दी होती. वर्गशिक्षिका करिष्मा मॅडम नवीनच लागल्या होत्या. कुणाच्या पोराला बसमध्ये उलटी होते, कुणाला तिखट चालत नाही, जी ती आई त्यांना काहीतरी सांगत होती. प्रेमलताही पुढे झाली.

"मॅडम, इले सर्दी लवकर होते. पाण्यात नका जाऊ देऊ. आन मधूनमधून पाणी पाजत राहा."

"हो, बघते मी. अजून काही?"

प्रेमलताने रितिकाचा स्वेटर नीट केला. मागून दुसरी आई पुढे सरकत होती.

"नाई," ती म्हणाली.

शेतावर काय झालं ते तिला पुढे तुकड्या-तुकड्याने कळलं. तिथल्या संडासाला कडी नव्हती, म्हणून तिथे जावं लागू नये यासाठी रितिका दिवसभर पाणीच प्यायली नाही. दुपारी सगळी पोरं टाक्यात उतरली. ही काठावर बसली होती. वर्गातल्या काजलने हात ओढला आणि ही आत गेली. मॅडमना ते दिसलं होतं. पण पोरगी इतकी हसत होती, की सर्दीच होईल ना, म्हणून त्यांनी थोडा वेळ राहू दिलं. येताना ओल्या कपड्यांतच ती उघड्या खिडकीशी बसली.

संध्याकाळी बसमधून उतरताना तिने आधीच सांगून टाकलं, "आई, मी पाण्यात गेली होती. मारू नको." मग म्हणाली, "पाय दुखून राहिले." आणि तिथेच खाली बसली.

पायांतलं दुखणं छातीत चढलं. मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं, रक्त चढवलं. जरा बरं वाटतंय असं दिसत असताना एका दुपारी तिचं तोंड वाकडं झालं आणि डावा हात गादीवर तसाच पडून राहिला. मेंदूतला रक्तप्रवाह अडला, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोरगी वाचली. तोंड हळूहळू सरळ झालं. हातात मात्र ताकद परत आली नाही.

दुर्गेश शाळेत जाऊन भांडून आला. बाईंच्या हलगर्जीपणानं पोरगी अशी झाली, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. शाळेने करिष्मा मॅडमना काढून टाकलं.

"तिले कोठं माहीत होतं?" प्रेमलता वॉर्डात त्याला म्हणाली.

"तू गप राय."

ती गप राहिली, पोरीला घरी आणेपर्यंत. मग एक दिवस कोणाला न विचारता शाळेत गेली आणि मुख्याध्यापकांना सारं सांगितलं. आजार कोणता, कधीपासून, आणि आम्हीच लपवला होता. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, आता त्या जागेवर दुसऱ्या बाई आल्या."

तिथून पत्ता घेऊन ती करिष्माच्या घरी गेली. करिष्माने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समोर उभीच राहिली.

"तुम्ही सर्दी म्हणालात," करिष्मा म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर मी तिला मांडीवरून उतरू दिलं नसतं. मी रोज विचार करते, की माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे नाई झालं."

"हे तुम्ही आता म्हणता."

प्रेमलताने माफी मागितली. करिष्मा दार लावायला तेवढी आली.

हे कळल्यावर घरी गोपिकाबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. दुर्गेश रागावला नाही, पण बरेच दिवस त्याने पोरीकडे नीट पाहिलं नाही.

जूनमध्ये रितिका दुसरीत बसली. पहिल्या दिवशी प्रेमलताने तिला वर्गात बाकावर बसवलं आणि दारात येऊन नव्या बाईंना आजाराचं नाव सांगितलं. आवाज खाली केला नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका आईने ते ऐकलं. ती आत गेली आणि आपल्या मुलीला रितिकाच्या बाकावरून उठवून मागे नेऊन बसवलं.

प्रेमलताने ते पाहिलं. रितिकानेही पाहिलं. मग तिने उजव्या हाताने दप्तर ओढून रिकाम्या झालेल्या जागेवर ठेवलं.