ओपलने तपासलेले चौतीस ट्रेलर

एप्रिल उजाडला की आमचं ट्रेलर-पार्क रिकामं व्हायला लागतं. हिवाळाभर ॲरिझोनाचं ऊन खायला आलेली म्हातारी मंडळी आपली चाकांवरची घरं, म्हणजे ट्रेलर, ट्रकला जोडतात आणि उत्तरेला आपापल्या गावी निघतात. मागे आम्ही पाच-सहा कायमचे उरतो. मी इथली व्यवस्थापक. नाव मोठं आहे, काम म्हणाल तर संडासाच्या किल्ल्या, लोकांचं टपाल आणि रिकाम्या झालेल्या जागेवरची खडी दाताळ्याने सारखी करणं.

ओपल ड्रेगरही कायमची. वय चौऱ्याहत्तर, हात सुताराचे आणि जीभ तिखट. इंडियानातल्या एका ट्रेलरच्या कारखान्यात चोवीस वर्षं तिने वायरिंग केलं. नवरा गेल्यावर स्वतःचा ट्रेलर ओढत इथे आली ती इथलीच झाली. पहिल्या वर्षी मला ती अजिबात आवडली नव्हती. माझ्या ट्रकच्या मागच्या दिव्याची वायर मला न विचारता तिने बदलली होती, आणि वर मलाच चार शब्द सुनावले होते. पुढे तिच्याशिवाय माझी सकाळची कॉफी होईना, ही गोष्ट वेगळी.

तिचं खरं काम एप्रिलचं. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर एक लहानशी काळी डबी असते. तिच्यात एक पिन, पिनेला तारेची बारीक दोरी आणि दोरीचं दुसरं टोक ट्रकला बांधलेलं. चालत्या रस्त्यात ट्रेलर ट्रकपासून सुटलाच तर दोरी ताणली जाते, पिन निघते आणि ट्रेलरवरची बॅटरी त्याचे ब्रेक आपोआप लावते. हजारात एखाद्यावर ती वेळ येते, म्हणून बाकीचे नऊशे नव्याण्णव त्या डबीकडे कानाडोळा करतात. ती आतून गंजते, पिन अडकून बसते, बॅटरी मरते, आणि कुणाला पत्ता नसतो.

ओपललाही एकदा तो हजारावा भेटला होता. नऊ वर्षांपूर्वी ऑरिन नावाच्या शेजाऱ्याने ती दोरी ट्रकच्या सांगाड्याला बांधण्याऐवजी ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर जोडतात त्या गोळ्यावरच अडकवली. घाटात गोळाच निसटला, त्याच्याबरोबर दोरीही गेली. दोरी ताणलीच नाही, तर पिन निघणार कशी? ट्रेलर समोरून येणाऱ्या निळ्या गाडीवर गेला. त्या गाडीतली बाई वाचली नाही. त्या सकाळी ओपलने ऑरिनबरोबर कॉफी घेतली होती, त्या दोरीपासून हातभर अंतरावर उभं राहून. तेव्हापासून तिने बघितल्याशिवाय एकही ट्रेलर फाटकाबाहेर जात नाही.

तिची पद्धत ठरलेली. डबी उघडायची, तारा सोडवायच्या, तारेच्या ब्रशने हिरवा गंज घासायचा, बॅटरी मोजायची, तारा परत जोडून वर काळी पट्टी गुंडाळायची. मग ट्रकची वायर काढून पिन ओढायची आणि मालकाला ओरडून सांगायचं, "घे पुढे!" ट्रेलरची चाकं जागच्या जागी गच्च धरली आणि खडीत फरफटत गेली की ती खूश. मग पिन परत बसवायची, हात पुसायचे, पुढचा ट्रेलर. खडीत उमटलेल्या त्या चऱ्यांवरून ओळखायचं, की इथे ओपल येऊन गेली. लोक तिला पिनवाली म्हणतात. तिची टिंगल करतात, आणि तिची पाळी येईपर्यंत निघत मात्र नाहीत.

या वर्षी मला तिची काळजी वाटत होती. तेच कपडे घेऊन ती एका सकाळी दोनदा धुवायला गेली. माझ्या बहिणीचं नाव तीनदा विचारलं. तिची मुलगी कोरिन ओहायोत असते, ती दर रविवारी फोनवर आईच्या मागे लागायची, की आता पुरे, इकडे ये, खोली तयार आहे. ओपलने तिला शब्द दिला होता. "ज्या दिवशी कामात विसरेन, त्या दिवशी मी स्वतः फोन करेन. तोपर्यंत माझं डोकं खाऊ नकोस."

आमच्याकडे एक रीत आहे. जोडणी करणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही. नवरा-बायको हमरीतुमरीवर आलेले असले तरी ट्रेलर जोडून होईपर्यंत भांडण थांबतं. बोलण्याच्या नादात माणूस एखादी कडी लावायची विसरतो, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. मीच फाटकावर तशी पाटी लावली आहे.

आणि मंगळवारी दुपारी लाइल केस्टनरच्या ट्रेलरसमोर ओपल गुडघ्यांवर बसलेली असताना मी टपाल घेऊन तिथे गेले आणि बोलले.

"ओपल, कोरिनचं पत्र आलंय. जाडजूड आहे."

तिने मान वर केली. हातात सुटलेल्या दोन तारा होत्या. "जाडजूड म्हणजे फॉर्म असतील," ती म्हणाली. "म्हाताऱ्यांच्या घराचे. ठेव तिथे." मी पत्र तिच्या स्टुलावर ठेवलं आणि निघून आले. पाठीमागे लाइलची बायको बोनिटा तिला घरी भाजलेल्या ॲपल-पायचा तुकडा घेण्याचा आग्रह करत होती, एवढं ऐकू आलं.

बुधवारी सकाळी पावणेआठ वाजता केस्टनर गेले. आठ वाजता मी त्यांच्या जागेवरची खडी सारखी केली. साडेआठला ओपल कॉफीचा मग घेऊन आली आणि त्या जागेकडे बघत उभी राहिली.

"चऱ्या कुठे आहेत?"

"मी दाताळं फिरवलं."

"पण होत्या ना? फिरवण्याआधी?"

मी आठवायचा प्रयत्न केला. रोज इतक्या जागा सारख्या करते, बघून कोण करतं! "लक्ष नव्हतं गं माझं," मी म्हणाले.

ती कॉफीचा मग हातात तसाच धरून खडीवर खाली बसली. "तारा सोडवल्या ते आठवतंय. तू आलीस ते आठवतंय. बोनिटाचा ॲपल-पाय आठवतोय, फार गोड होता. त्यानंतर मी एकदम माझ्या पलंगावर आहे, नेटी. मधलं काहीच नाही."

"सवयीने केलं असशील."

"असशील म्हणजे काय? तारा लोंबत राहिल्या असतील तरी लाइलला कळणार नाही. ट्रकमधून ब्रेक नेहमीसारखे लागतील. ट्रेलर सुटेपर्यंत सगळं ठीकच दिसेल."

 लाइलला फोन लावला, बंद. तो गाडी चालवताना फोन बंद ठेवणारा माणूस, आणि घाटाच्या अलीकडे तशीही रेंज नसते. पण घाटमाथ्यावर सगळेच थांबतात. पुढे नदीपर्यंत सात मैलांचा उतार आहे, इंजिन गार केल्याशिवाय कोणी उतरत नाही. लाइल तिथे सँडविच खातो, सावकाश, एकेक घास मोजल्यासारखा. त्याच्या त्या मंद खाण्याला मी दहा वर्षं हसले आहे. त्या सकाळी तो आणखी मंद खावो, असं मी मनात म्हणत होते.

मी ट्रक काढला. ओपल शेजारी. पन्नास मैलांत ती एकदाच बोलली.

"तू बोलायला नको होतंस."

"माहीत आहे."

"पण पूर्वी तू बोलली असतीस तरी मी विसरले नसते."

मी वेग वाढवला.

माथ्यावर केस्टनरांचा ट्रेलर उभा होता. बोनिटा सतरंजी झटकत होती, लाइल ट्रकमध्ये चढत होता. मी हॉर्न दाबूनच ठेवला.

"काय झालं? आमची मांजर राहिली का?" लाइल खाली उतरला.

"आपल्याकडे मांजर नाही," बोनिटा म्हणाली. "ओपल, अजून ॲपल-पाय हवा होता तर फोन करायचा ना!"

ओपलने कुणाकडे पाहिलं नाही. ती गुडघ्यांवर बसली, डबीखाली हात घातला. मला तिची पाठ दिसत होती. ती बराच वेळ हलली नाही.

"तुटलंय का काही?" लाइलने विचारलं. आता त्याचा आवाज बदलला होता.

मी तिच्या शेजारी वाकून बघितलं. तारा जोडलेल्या होत्या. वर काळी पट्टी नीट गुंडाळलेली, शेवटचं टोक दुमडलेलं. पुढच्याला नखाने सोडवता यावं म्हणून ते तसं दुमडणारी मी एकच बाई पाहिली आहे. माझा जीव भांड्यात पडला.

"ट्रकची वायर काढ, लाइल," ओपल म्हणाली. तिने पिन ओढली. आतून बारीक गुणगुण ऐकू आली. "घे पुढे." ट्रक हलला आणि ट्रेलरची चाकं खडीत फरफटली.

"झकास!" लाइल खिडकीतून ओरडला. "एवढ्यासाठी धावत आलात? कालही अशीच फरफटली होती की! ओपल, तुझ्या हातचं काम कधी बिघडलंय का!" बोनिटा हसली, मीही हसले. सुटलो, असंच मला वाटलं. मी ओपलला उठायला हात दिला तेव्हा तिचा चेहरा पाहिला आणि हसू बंद केलं.

"ही पट्टी मी गुंडाळली," ती म्हणाली. "हात माझाच आहे. पण मला आठवत नाही, नेटी."

"झालंय ना पण नीट!"

"हे झालंय. तारा लोंबत असत्या तर मी म्हटलं असतं, एक चूक झाली, सापडली. आता बाकीच्यांचं काय? या महिन्यात मी चौतीस ट्रेलर केले. त्यातले किती मला आठवतायत आणि किती आठवल्यासारखे वाटतायत, ते मला सांगता येत नाही."

केस्टनर उतार उतरून गेले. माथ्यावर फोनला रेंज होती. ओपल सिमेंटच्या बाकावर बसली आणि मला म्हणाली, "पार्कच्या ग्रुपवर लिही. ओपल ड्रेगरने तपासलेली ब्रेकची काळी डबी कुठल्याही दुकानात पुन्हा तपासून घ्या. तोपर्यंत घाटात जाऊ नका."

"खबरदारी म्हणून, असं लिहू?"

"नाही. लिही, ओपलला आठवत नाही म्हणून."

"ओपल, असं लिहिलं तर पुढच्या वर्षी कोणी..."

"लिही."

मी लिहिलं. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता, इतकं खरं कशाला बोलावं माणसाने! दोन मिनिटांत उत्तरं यायला लागली. मी वाचून दाखवली. एकाने हसरे चेहरे पाठवले होते. दुसऱ्याने लिहिलं होतं, पिनवालीला विश्रांती द्या. आयडाहोच्या वाटेवर असलेल्या हॅरिएट ओल्डेनने लिहिलं होतं, 'ओपल, तू हात लावलास म्हणजे झालं. आम्ही स्वतःपेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास ठेवतो. बघायचीही गरज नाही.'

"किती छान लिहिलंय," मी म्हणाले.

"छान?" ओपलने वळून माझ्याकडे बघितलं. "कोणी बघणार नाही, नेटी. माझं नाव आहे म्हणून कोणी बघणार नाही." तिने हात पुढे केला. "यादी काढ. तेहेतीस जणांना एकेक करून फोन लावू. आणि शेवटी कोरिनला."

बाकावर ऊन आलं होतं. मी हॅरिएटचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग बरंच काही गोड बोलणं. ओपलने ते मधेच तोडलं.

"हॅरिएट, गाडी बाजूला घे. घेतलीस? आता खाली उतर आणि ती काळी डबी उघड. नाही, नंतर नाही. मी फोन धरून थांबते."