मिक्सरला पंखा म्हणणारी

जळलेल्या मोटरींची तार नव्यानं गुंडाळून देणाऱ्या या वायंडरसमोर मोटरला नुसतं मोटर म्हणायची सोय नव्हती. लग्न नवं होतं तेव्हा बायको एकदा सहज बोलून गेली, "मोटर ती मोटर! वीज घातली की फिरते." झालं! हा बाबा भरल्या ताटावरून उठला आणि उष्ट्या हातानं तिला पुढच्या खोलीतल्या दुकानात घेऊन गेला.

"अगं, आधी विचारायचं, ही खाते काय? बॅटरीवरची डीसी असेल तर वरची फळी. मग बघायचं, पोटात कार्बनचे ब्रश आहेत का? मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीन, यांना असतात. म्हणून त्या कोकलतात, ठिणग्या उडवतात आणि एसी-डीसी दोन्हीवर पळतात. त्या मधल्या फळीवर. पंखा, पंप यांना ब्रशच नाहीत. फिरणाऱ्या भागाला वायर न जोडता, नुसत्या बाहेरच्या ओढीनं फिरतात. त्या इंडक्शन, खालची फळी. त्यातल्या थ्री-फेजच्या आपणहून उठतात. सिंगल-फेजला उठायला कपॅसिटरचा धक्का लागतो."

"म्हणजे तुमच्यासारखं. ढकलल्याशिवाय सकाळ होत नाही!"

तो हसला नाही. मोटरच्या बाबतीत तो हसत नसे. आणि बाईला तिथंच गंमत सापडली. त्या दिवसापासून ती मुद्दाम मिक्सरला पंखा म्हणायची, पंपाला ड्रिल म्हणायची. कळत नव्हतं असं नाही हो, पहिल्याच दिवशी सगळं डोक्यात बसलं होतं! पण चिडवल्याशिवाय हा घुम्या चार वाक्यं सलग बोलेल तर शपथ. मग काय भिंतींशी गप्पा मारायच्या?

मग एके दिवशी तो वायंडिंग करता करताच कलंडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्याच्याशी. नणंद येऊन रडली, दीर येऊन लहानपणच्या गोष्टी सांगून गेला. हा आपला छताकडे बघतोय.

दवाखान्यातून त्याला घरी आणल्यावर बायकोनं त्याची खाट सरळ दुकानात, फळ्यांसमोर टाकली. मिक्सरची मोटर त्याच्या नाकापुढे धरली.

"पंख्याची ना हो ही?"

डोळे छतावरून खाली आले. कपाळाला आठी पडली. डावा हात उठला आणि खाटेवर आपटला. "ना... ना!"

बाई हसत सुटली, इतकी की पदर डोळ्यांना लावावा लागला.

मग हे रोजचंच झालं. शेजारचा टेलर एकदा म्हणाला, "वहिनी, आजारी माणसाला कशाला छळता?"

"छळते कुठे भावजी? दार वाजवते. आत आहेत का बघते."

आत होता तो. पण हळूहळू हात आपटायच्याऐवजी नुसता हलायला लागला. "ना" इतकं बारीक झालं, की ऐकायला तिला वाकावं लागे.

अशात टेलरनं शिलाई मशीनची मोटर आणून दिली. बायकोनं ती त्याच्यापुढे धरली. "पंख्यासारखीच दिसते. खालच्या फळीवर ठेवू?"

तो मोटरकडे बघत राहिला. मग मान हलवली. "हो."

उभ्या संसारात तिच्या एका तरी म्हणण्याला त्यानं हो म्हणावं म्हणून ती किती भांडली होती! आता म्हणाला, तर तिनं मोटर पुन्हा त्याच्या डोळ्यांपुढे नेली.

"अहो, नीट बघा की!"

"हो."

ती खाटेच्या कडेवर बसली. त्याचा डावा हात धरून बोट ब्रशच्या टोपणावर टेकवलं आणि त्याच्याच सुरात दटावायला लागली. "अहो, आधी विचारायचं, ही खाते काय? मग बघायचं, पोटात ब्रश आहेत का? हे काय मग? शिलाई मशीनची पंख्यात घालता? इतक्या वर्षांत एवढंही कळू नये? कुठली फळी? मधली! कळलं?"

"हो," तो म्हणाला.

ती उठली. मोटर मुद्दाम खालच्या फळीवर, पंख्यांच्या रांगेत ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.