गळ्याला सुतळी बांधलेली बाटली

अण्णांच्या औषधाच्या बाटल्यांना सुतळी बांधण्याची कल्पना मुळात कोणाची, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहीत आहे. माझे थोरले बंधू अण्णा मारेगावच्या बाजूला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. शोकसभेत प्रत्येक वक्त्याने त्या सुतळीचे कौतुक केले आणि ती अण्णांच्या कल्पकतेची खूण ठरवली. मी मागे गप्प बसून राहिले... भरल्या सभेत उठून दुरुस्ती करण्याचे बळ त्या दिवशी नव्हते. पण चुकीचे उत्तर फळ्यावर तसेच ठेवून वर्ग सोडू नये, असे मी माझ्या शाळेतल्या मुलींना नेहमी सांगते.

ज्यांनी ती बाटली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. दवाखान्यातून पातळ औषधे दोन तऱ्हेची मिळतात, पोटात घ्यायची आणि अंगाला चोळायची. चोळायच्या औषधात पुष्कळदा बचनागासारखे विष असते. कातडीवर ते ठणका शमवते, पोटात गेले तर जीव घेते. म्हणून त्या बाटलीला लाल चिठ्ठी लावायची, असा नियम. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला त्या सुमारास अण्णा त्या चिठ्ठ्यांवर ठळक मराठीत ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असे लिहू लागले. मला त्याचा अभिमान वाटे. “आता लोकांनी वाचायला शिकलं की झालं,” असे मी म्हटले, तेव्हा ते हसले होते. “तुझ्या शाळेतून पास होईपर्यंत त्यांनी खोकायचं नाही का, मास्तरीणबाई?”

पुढे एकदा जवळच्या बंजारा तांड्यावरचा थावरा नावाचा शेतकरी आपल्या म्हाताऱ्या आईसाठी दोन बाटल्या घेऊन गेला. एक खोकल्याची, एक गुडघ्यांना चोळायची. काही दिवसांनी तो खिडकीशी आला तो चोळायच्या औषधाची बाटली परत करायला. आतून-बाहेरून राखेने घासून लख्ख केलेली. चिठ्ठी मात्र ओली होऊ न देता जपलेली.

“याडी गेली, साहेब. बाटली सरकारची हाये, म्हून आनली.”

आई गेल्याचे ऐकूनही अण्णांची नजर त्या रिकाम्या बाटलीवरच राहिली. “यातलं औषध संपलं कसं?”

“पाजलं ना तिले. दोनातली हेच भारी दिसली. कुकवावानी लाल चिठ्ठी... म्हटलं, हेच मोठी दवाई असन.”

लाल रंग धोक्याचा, हे आपल्याला कोणी शिकवले? आपल्या घरांत तर देवाला, नवरीला, नव्या वहीच्या पहिल्या पानाला कुंकूच लागते. थावरा आपल्या परीने चुकला नव्हता.

अण्णा गप्प राहिले असते तर कोणालाच काही कळले नसते. थावरा नशिबाला दोष देत परत गेला असता. आणि खरे सांगावे, तर मुलाने आपल्याच हाताने आईला विष पाजले, हे ओझे त्याने जन्मभर वाहायचे... अण्णा बाहेर आले, त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, “ते चोळायचं होतं, थावराभाऊ. पण चूक तुझी नाही. बाटली मी दिली. तुला ओळख पटली का, हे मी विचारलंच नाही.”

थावराने बाटली पायरीवर ठेवली आणि एवढेच म्हणाला, “कायले सांगतलं मले?”

 दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना अण्णांनी सारे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “चिठ्ठी लावली होती ना? मग झालं.” अण्णांचे मात्र झाले नाही. त्यांचे जेवण तुटले.  नोकरी सोडतो, असे ते वहिनीजवळ बोलून गेले.

कापूस घरात आल्यावर थावरा पुन्हा खिडकीशी उभा राहिला. त्याने सुतळीचा एक तुकडा आत सरकवला.

“आमचे बापदादे बैलायवर माल लादून फिरत. गोनीत मीठ हाये का दाना, अंधारात तोंडावरच्या गाठी चाचपल्या का समजे. तुमच्या चिठ्ठीले डोये लागते, शाळा लागते. गाठीले काय लागते, साहेब? बांधा. दुसऱ्या कोनाची याडी तरी...”



त्या दिवसापासून चोळायच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला गाठी मारलेली सुतळी आली. घेणाऱ्याचे बोट गाठीवर ठेवून अण्णा विचारत, “ही कुठं लावणार?” उत्तर मिळाल्याशिवाय ते बाटली सोडत नसत. लोक थट्टा करत, “कंपाउंडरसाहेब दवाई देते का परीक्षा घेते?” थावराने मात्र त्या खिडकीवरून पुन्हा कधी औषध नेले नाही. अण्णा बाजाराच्या दिवशी रांगेत त्याला शोधत असत.

ही हकीकत मला त्यांनी शेवटच्या भेटीत सांगितली. मी माझ्या शाळेच्या गावाहून, नेरहून गेले होते आणि त्यांच्या पाठीला औषध चोळत होते. “युक्ती त्याची आहे, कुसुम,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “माझी फक्त बाटली होती.”

त्या दिवशी चोळायला घेतलेली ती गाठींची बाटली आता माझ्या फडताळात आहे. तळाशी थोडे औषध उरले आहे, गाठी तेलकट काळ्या पडल्या आहेत. सुरुवातीला घेतलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘थावरा’ असे आहे.

वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. आज आपल्या घरातल्या सगळ्या बाटल्या एका ओळीत मांडाव्यात, डोळे मिटावेत आणि त्यांतली पिण्याची नसलेली बाटली हाताला ओळखू येते का, ते पाहावे. घरात वाचता न येणारे माणूस असेल, तर त्यालाही ती ओळखू येते का, हे कृपया स्वतः तपासून पाहावे.