आमच्या घरावरचं वसतिगृह

हमरापूरला आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत वडील गणपती रंगवत, दुसरीत आम्ही सगळे राहत असू. दादाचं लग्न ठरलं, तेव्हा मागं एक खोली काढायचं ठरलं. परवानगी विचारायला मी वडिलांबरोबर पेणच्या सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"इथं पुढं विद्यापीठ येणार. तुमच्या घराच्या जागी मुलींचं वसतिगृह आहे. नवं बांधकाम करता येणार नाही."

"मग जागा कवा घेताय?" वडिलांनी विचारलं.

"ते अजून ठरायचंय."

वहिनी आली. ती दोघं मूर्तींच्या खोलीत झोपत. सण जवळ आला की तिथं पाय ठेवायलाही जागा उरत नसे. जागा विकावी म्हटलं, तर असल्या जमिनीला गिऱ्हाईकही मिळेना.

काही वर्षांनी नकाशा बदलल्याचं कळलं. दादा तातडीनं पेणला गेला. परतला तो ओट्यावरच बसला.

"वसतिगृह हलवलं. आता आपल्या घरावर खेळाचं मैदान हाय."

त्याच महिन्यात त्यानं रोह्याला, तो कामाला होता त्या कंपनीजवळ खोली भाड्यानं घेतली. दोघं निघताना आईनं वहिनीचा हात धरला.

"तू तरी ऱ्हा गो."

"ऱ्हाऊ कुठं, आई?"

आईनं हात सोडला. आता आई-वडीलही नाहीत; त्या घरात मी एकटी आहे, आणि मैदान अजून झालेलं नाही.