इंकोरोनाता ‘मी जाईन’ म्हणेना

इंकोरोनाता नवऱ्याकडे बेल्जियमला जात नाही, कारण तिचं मास्तरांशी सूत जुळलंय, अशी कुजबुज पंचावन्न साली दक्षिण इटलीतल्या आमच्या लुकानियाच्या डोंगरगावात सुरू झाली. मीही ती चार घरी पोचवली. खोटं कशाला बोलू?

नवरा दोनातो तिकडे कोळशाच्या खाणीत. पत्रावर पत्र: ‘निघून ये.’ सासूने तर ट्रंक भरून दारात ठेवली होती. आणि ही बाई रोज दुपारी मास्तरांच्या प्रौढ वर्गात! त्याच वर्गात मीही होतो. शाळेत झाडलोट करून घंटा वाजवणारीची जागा रिकामी होती, पण प्राथमिकचा दाखला हवा होता. दाखला मिळाला तर गावातच स्वतःची भाकरी. नाही तर बेल्जियम.

परीक्षेला तपासनीस आले. “पार्तिरे, म्हणजे निघून जाणे. भविष्यकाळ चालवा.”

आमच्या बोलीत भविष्यकाळ नाहीच. ‘उद्या जातो’ म्हणायचं की झालं. तरी मी पार्तिरो, म्हणजे मी जाईन, इथपासून सगळं घडाघडा म्हटलं, आणि पुढे जन्मात कुठे गेलो नाही.

इंकोरोनाता उठली. “पार्तिराइ, तू जाशील. पार्तिरा, तो जाईल. पार्तिरेमो, पार्तिरेते, पार्तिरान्नो.”

“बाई, पहिलं विसरलात. ‘मी जाईन’?”

“विसरले नाही, साहेब. म्हणणार नाही.”

मास्तरांना घाम फुटला. “अहो, म्हणून टाका! नुसतं व्याकरण आहे!”

“तुम्हीच शिकवलंत ना मास्तर, पुढे होणार ते भविष्यकाळात? मग होणारच नाही ते कशाला घालू?”

“नापास करीन हं,” तपासनीस म्हणाले.

“करा. पुढच्या साली परत बसेन, तेव्हाही नाही म्हणणार. रेस्तारे विचारा. राहणे.” आणि न विचारताच सुरू: “रेस्तेरो, मी राहीन!” हे खिडकीकडे तोंड करून, कारण बाहेर सासू कान लावून उभी. मग रेस्तेराइ, रेस्तेरा, रेस्तेरेमो, रेस्तेरेते, रेस्तेरान्नो, एका दमात.

तपासनिसांनी चष्मा पुसला आणि दहापैकी सहा दिले. पाचाला नापास.

“मास्तराच्या वशिल्याने पास झालीस!” सासू फाटकातच कडाडली.

“सासूबाई, ट्रंक आत घ्या. ऊन लागतंय तिला.”

मास्तरांची त्याच उन्हाळ्यात बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा हिने हातातला झाडूसुद्धा खाली ठेवला नाही. पुढे बावीस वर्षं घंटा वाजवली.

सूत कुणाशीच नव्हतं. तिला गाव सोडायचं नव्हतं.